पहिल्या नकोनंतर

रिमोट बिघडलाय म्हणून फोन करणाऱ्या बहुतेकांचा रिमोट ठणठणीत असतो. बिघडलेलं असतं ते त्याला शिकवणं. चंदना मगदूम पुण्यात धायरीच्या आपल्या खोलीत कानाला हेडफोन लावून दिवसभर हेच सांगत बसायची, आणि तेही गोडीगुलाबीनं, कारण पलीकडचा माणूस आधीच तापलेला असायचा. त्या दिवशी अकोल्याचे एक काका होते. एसी चालू होतो पण बंद होत नाही, तुमची कंपनी फसवी आहे, असं त्यांचं म्हणणं. चंदनानं विचारलं, जुन्या रिमोटवरून नव्याला शिकवताना बसला कुठं होतात? खिडकीत. ऊन होतं का? होतं की. बटण किती वेळ दाबलंत? तर म्हणे चांगलं घट्ट दाबून धरलं, लेकाला नीट शिकता यावं म्हणून. झालं, घोळ तिथंच होता.

शिकाऊ रिमोट हे नावच मुळात फसवं आहे. तो बापडा शिकत काहीच नाही. जुना रिमोट अवरक्त प्रकाशाची, म्हणजे डोळ्याला न दिसणाऱ्या प्रकाशाची, भराभर उघडझाप करतो. थोडी लांब, थोडी आखूड, पुन्हा लांब. प्रत्येक बटणाची उघडझाप निराळी. नवा रिमोट ती जशीच्या तशी टिपून ठेवतो आणि वेळ आली की ओकून टाकतो. चालू म्हणजे काय आणि बंद म्हणजे काय, हे त्याच्या बापाला माहीत नसतं. शिकवताना खिडकीतून ऊन आलं तर उन्हातला अवरक्त प्रकाशही तो इमानेइतबारे टिपतो. बटण जास्त वेळ धरलं तर एकच निरोप दोनदा टिपतो, मग एसी बंद होऊन लगेच चालू होतो आणि माणसाला वाटतं की तो बंद झालाच नाही. उपाय साधा. पडदा ओढा, जुनं शिकवलेलं पुसा, बटण हलकेच दाबा आणि सोडा.

काकांकडून हे सगळं करवून घेऊन, त्यांचे आशीर्वाद पदरात पाडून ती मोकळी होतेय तोच मिरजेहून अभिनंदनदादाचा फोन आला. अण्णांनी आज ऑपरेशनला पुन्हा नको म्हटलं होतं. हे दुसऱ्यांदा. इस्पितळाच्या नियमानं आता आणखी एकदाच विचारणार होते. तिसऱ्यांदाही नको आलं की प्रकरण बंद. नंतर कुणी ते उघडायचं म्हटलं असतं तरी तोवर हाताच्या नसा इतक्या सुकल्या असत्या की ऑपरेशन करून काही हाती लागलं नसतं.

चंदनानं रजा टाकली आणि बॅग भरली.

सुकुमार मगदूम म्हणजे तिचे अण्णा. मिरज-सांगलीकडच्या निम्म्या लग्नांची जेवणं त्यांच्या हातची. हजार पान उठवून हा माणूस शर्टाची घडी न मोडता उभा असायचा. दीड वर्षापूर्वी मेंदूच्या देठात रक्ताची गुठळी झाली आणि एका सकाळी सगळंच थांबलं. डोकं शाबूत, कान तीक्ष्ण, पण मानेखालचं काही हलेना. जीभ गेली. पापणीसुद्धा स्वतःच्या मर्जीनं लवेना. मऊ-पातळ काही चमच्यानं तोंडात घातलं तर सावकाश गिळायचे, एवढंच काय ते उरलं. आत माणूस जागा आहे आणि बाहेर दार लावलेलं आहे, हे रोज बघणं घरच्यांना फार जड गेलं.

ते दार किलकिलं केलं पट्टीनं. ही पट्टी त्या काळात नुकतीच घराघरांत येऊ लागली होती, आणि गंमत म्हणजे ती चंदनाच्या शिकाऊ रिमोटचीच सख्खी बहीण. कपाळाला बांधायची. तिच्यातले बारीक दिवे अवरक्ताच्या अलीकडचा तांबूस प्रकाश कपाळात सोडतात. हा प्रकाश कातडी आणि हाड ओलांडून बोटाच्या पेराएवढा आत जातो आणि थोडासा परत येतो. मेंदूचा जो भाग कामाला लागतो तिकडे ताजं रक्त धावतं, आणि ताजं रक्त हा प्रकाश शिळ्या रक्तापेक्षा वेगळ्या तऱ्हेनं शोषतं. परत आलेल्या प्रकाशावरून पट्टीला एक लाट मिळते. माणसानं पंख्याचा विचार केला की एक लाट, टीव्हीचा केला की दुसरी. रिमोट ती टिपून ठेवतो, अगदी एसीच्या बटणासारखी, आणि पुढच्या वेळी तशीच लाट आली की पंखा लावतो. पलंगाच्या उशाशी दोन दिवे असतात. हो असेल तर हिरवा, नको असेल तर लाल. फक्त रक्त धावायला वेळ लागतो. विचार झटक्यात येतो, पण त्याची लाट पुरी व्हायला सात-आठ सेकंद जातात.

पट्टी शिकवली तो दिवस घरात सणासारखा गेला होता. पंखा, दिवे, टीव्ही हे सगळं चंदनानं एकटीनं अण्णांजवळ बसून शिकवलं. मग हो आणि नको शिकवायची वेळ आली तेव्हा सगळे पलंगाभोवती जमले. ज्या प्रश्नाचं उत्तर हो येणार याची खात्री आहे असेच प्रश्न विचारा, असं पट्टीसोबतच्या माहितीत होतं. मग काय, आईनं, म्हणजे त्रिशलाबाईंनी, साजूक तुपातला पातळ शिरा केला होता. अहो, शिरा घेणार का? चहा घेणार का? पाठीला उशी देऊ का? वहिनी विचारत होती, दादा विचारत होता, आणि पट्टी टिपत होती. नको शिकवायला कारल्याचा रस होताच.

इस्पितळानं पट्टीची परीक्षा घेतली. तुमचं नाव सुकुमार का, आज गुरुवार का, ही मिरज का. सगळी उत्तरं बिनचूक. कायद्यानं अशा पट्टीचा हो आणि नको आता सहीसारखाच धरला जायचा. त्यामुळे ऑपरेशनचं विचारलं तेव्हा अण्णांनाच विचारलं गेलं, आणि ते बरोबरच होतं. मानेतल्या नसेवर तांदळाएवढी यंत्रं बसवायची, तुटलेल्या जागेला वळसा घालून मेंदूचा निरोप उजव्या हाताला पोचवायचा. जमलं तर बोटं हलतील, पुढं कदाचित घसाही. नाही जमलं तर आहे तसंच. जिवाला थोडा धोका होता, आणि ऑपरेशननंतर घरचं कुणीतरी वर्षभर रोज त्यांच्याकडून हाताची मेहनत करून घ्यायला हवं होतं.

लाल दिवा लागला होता. दोनदा.

मिरजेला पोचल्यावर चंदनानं चप्पलही धड काढली नाही, थेट अण्णांच्या खोलीत गेली. अण्णांचे डोळे छताकडे होते. मी आलेय म्हटल्यावर खोलीतला दिवा दोनदा चालू-बंद झाला. तो अण्णांचा नमस्कार. तिला हसू आलं.

मग तिनं कामाला हात घातला, अकोल्याच्या काकांचा घोळ शोधावा तसाच. पंखा लावा म्हटलं, लागला. टीव्हीवर बातम्या लावा म्हटलं, लागल्या. आज पाऊस आहे का? हिरवा. मी दादापेक्षा मोठी का? लाल. पट्टी चोख होती. सेल चांगला, दिवे स्वच्छ, खिडकीला पडदा. मग तिनं सहज विचारलं, अण्णा, चहा घालू का दोन चमचे? लाल. घाम आलाय, कपाळ पुसू? लाल. कूस बदलू? लाल.

हे काही तिला पटेना. दीड वर्ष अंथरुणाला खिळलेला माणूस कूस बदलायला नको कसा म्हणेल? पण नको म्हटल्यावर करायचं तरी कसं? ती दादाला म्हणाली, शिकवण्यात घोळ आहे, मला वाटतं अण्णांना ऑपरेशन हवंय.

अभिनंदन तसा शांत माणूस. वहिनीची बदली नाशिकला झाल्यापासून ती दोन्ही पोरांना घेऊन तिकडं आणि हा इकडं, महिन्यातून एकदा भेट. तिकडची नोकरी हातात असून त्यानं धरली नव्हती. अण्णांना उठवणं, पुसणं, भरवणं, सगळं तोच करायचा आणि कधी तोंड वाकडं करायचा नाही. पण या वेळी तो भडकला.

"तुला हवं ते तुला ऐकायचंय, चंदे," तो म्हणाला. "मी रोज असतो त्यांच्याजवळ. सगळं गेलं त्यांचं, एक नको म्हणायचं तेवढं राहिलंय. तू पुण्याहून येऊन त्याचंही हो करायला लागलीस. तेवढं तरी राहू दे की त्यांच्याकडं."

चंदनाला हे लागलं, कारण ते खोटं नव्हतं. ऑपरेशन व्हावं असं तिला जीव तोडून वाटत होतं. अण्णांनी एकदा तरी तिला नावानं हाक मारावी, यासाठी ती काहीही द्यायला तयार होती. उद्या पट्टी हो म्हणाली तर ते अण्णांचं हो की आपलं, हे कसं ओळखायचं? ती अंगणात जाऊन बसली आणि थोडं रडली.

आई मागोमाग आली. तिच्या हातात खिरीची अर्धी रिकामी वाटी होती. चंदनानं विचारलं, अण्णांनी खीर घेतली? आई म्हणाली, घेतली की, चांगली अर्धी वाटी. दिवा कुठला लागला होता? आई म्हणाली, लालच लागला, रोजच लागतो.

"म्हणजे ते नको म्हणायलेत आणि तू भरवतीस?"

"अगं, ह्यांचं पहिलं नको मी आयुष्यात कधी ऐकलंय का?" आई म्हणाली. "चमचा ओठाशी नेऊन थांबते. घशाची हालचाल झाली की घालते. नाही झाली की राहू दे म्हणते. काल आमटीला नाही झाली, मग नाही घातली."

मग आईनं तिला जे सांगितलं ते तिला माहीत नव्हतं असं नाही. आपल्याकडं जेवायला बसलेला माणूस वाढायला आल्यावर आधी नको नकोच म्हणतो. पोटात भूक असो नसो, पहिला हात पानावर आडवा. अण्णांचा सगळा धंदा या नकोवर उभा होता. नवा वाढपी आला की ते त्याला आधी हेच शिकवायचे: नको ऐकून पुढच्या पानाकडं पळू नका आणि बळंच लादूही नका. जरा उभं राहा, माणूस काय म्हणतोय ते बघा. आणि स्वतः अण्णा तर सगळ्यांच्या वरताण. पंगत उठल्यावर कुणी म्हटलं, मालक, आता तुम्ही बसा, की अण्णांचं ठरलेलं, नको नको, तुमचं होऊ द्या आधी. चाळीस वर्षं जो स्वतः शेवटी जेवला, त्याला कुणी काही देऊ केलं की आतून पहिल्यांदा नकोच उमटणार. त्याला तो तरी काय करील?

चंदनानं लॅपटॉप उघडला आणि पट्टीनं शिकलेल्या लाटा एकाखाली एक लावल्या. समोर आलं ते बघून तिनं कपाळावर हात मारला. कारल्याच्या रसाची लाट खाली जायची आणि खालीच राहायची. तो नको. शिऱ्याची लाटही आधी तशीच खाली जायची, हुबेहूब, आणि मग कुठं तीन-चार सेकंदांनी सावकाश वर चढायची. तो हो. चहाची तशीच, उशीची तशीच. त्या दिवशी सगळ्या घरादारानं पलंगाभोवती उभं राहून आग्रह केला होता, आणि अण्णांनी प्रत्येक वेळी आधी मनातल्या मनात आढेवेढे घेऊन मग हो म्हटलं होतं. शिकाऊ रिमोटनं आढेवेढ्यांसकट टिपलं. खिडकीतलं ऊन टिपावं तसं.

आता दोन निरोपांची सुरुवात सारखी असली तर रिमोट काय करतो? कंपनीनं त्यात झटपट उत्तराची सोय ठेवली होती, कारण लोकांना सात-आठ सेकंदही धीर धरवत नाही. सुरुवात जुळली की रिमोट उत्तर देऊन मोकळा. लाट खाली गेली, नकोशी जुळली, लाल दिवा लागला, ऐकणं बंद. पुढं अण्णा आत हो म्हणत असतील तर ते कुणासाठी? गुरुवार का, पाऊस का, यात कुणी कुणाला काही देत नव्हतं, म्हणून तिथं लाट सरळ वर जायची, नकोशी जुळायचीच नाही आणि उत्तर बरोबर यायचं. इस्पितळाच्या परीक्षेत हे पकडलं जाणं शक्यच नव्हतं.

तिनं पट्टीवाल्या कंपनीच्या माणसाला फोन लावला. त्यानं तेच सांगितलं जे ती स्वतः दिवसभर लोकांना सांगायची. जुनं पुसा, नव्यानं शिकवा. पण नव्यानं शिकवायला महिना-दीड महिना गेला असता, आणि तेवढा वेळ अण्णांच्या नसांकडे नव्हता. तिनं ते सगळं लॅपटॉपसकट उचललं आणि दादाला घेऊन इस्पितळात, अण्णांचं प्रकरण बघणाऱ्या डॉक्टर नाझनीन बागवान यांच्याकडं गेली.

डॉक्टरबाईंनी लाटा नीट बघितल्या. तुमचं म्हणणं खरं असेल, त्या म्हणाल्या, पण मला भीती वेगळीच वाटते. उद्या ज्या घरात माणूस मनापासून नको म्हणतोय, तिथलेही येतील आणि म्हणतील, आमच्या माणसाच्या नकोमागं हो आहे. मग कुणाचंच नको नको राहणार नाही. दादानं मान डोलावली. चंदनानंही डोलावली, कारण तिला रात्रंदिवस तेच खात होतं. शेवटी तोडगा बाईंनीच काढला.

"पुसायचं काही नाही. ते पहिलं नकोसुद्धा त्यांचंच आहे, ते पुसणारे आपण कोण? फक्त झटपट उत्तर बंद करा. लाट पुरी होऊ द्या. आणि मला असं काही दाखवा की ते कुणीतरी प्रेमानं देतंय आणि तरी त्यांना खरंच नको आहे. तिथं लाल राहिला तर मी मानीन."

असं काय असेल, याचा आईला क्षणभरही विचार करावा लागला नाही. पाकिटातलं तयार सूप. गरम पाण्यात पूड ढवळून लोक जेवण म्हणून पितात, याचा अण्णांना इतका संताप की एका यजमानानं ते पंगतीत ठेवा म्हटल्यावर त्यांनी ते लग्नच सोडलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाई घरी आल्या. झटपट उत्तर बंद केलेलं होतं. आता लाट पुढं जाईल तसा दिवा बदलायचा आणि शेवटी जो राहील ते उत्तर. आई खीर घेऊन बसली, गळ्याची शपथ घालून आग्रह केला. लाल दिवा लागला. लाल फिकट झाला, गेला, आणि हिरवा लागला. दादाच्या तोंडून हं असा आवाज निघाला. मग आईनं त्याहून जास्त लाडीगोडी लावून सूप पुढं केलं, मी एवढं स्वतःच्या हातानं केलंय, माझ्यासाठी घ्या. लाल लागला. थांबले. लालच राहिला. बाईंनी आणखी थांबायला सांगितलं. लालच. आईनं पुन्हा गळ घातली तर लाल आधीपेक्षा लवकर लागला. डॉक्टर बागवान हसल्या आणि म्हणाल्या, मला पुरे.

तिसऱ्यांदा विचारायची वेळ आली. बाईंनी कॅमेरा लावला आणि सगळ्यांना भिंतीशी उभं केलं. त्यांनी आग्रह केला नाही, गोडही बोलल्या नाहीत. ऑपरेशन काय आहे, धोका किती, काही न जमण्याची शक्यता किती, हे सगळं सरळ सांगितलं. मग म्हणाल्या, सुकुमारराव, हे ऑपरेशन तुम्हाला हवं आहे का?

लाल दिवा लागला. चंदनानं डोळे मिटून घेतले. दोनदा इथंच ऐकणं थांबलं होतं, आणि इथंच सगळ्यांनी मान खाली घालून अण्णांची इच्छा म्हणून मान्य केलं होतं. आईनं तिचा हात धरला. आई कुजबुजली, बघ की. तिनं डोळे उघडले तेव्हा दिवा हिरवा होता.

बाईंनी प्रश्न उलटा करून विचारला, तर उत्तरही उलटं आलं. थोडं थांबून पुन्हा सरळ विचारलं, पुन्हा हिरवा. आईनं पदर डोळ्यांना लावला. चंदनाचा जीव भांड्यात पडला आणि तिथंच ती खाली बसली. अभिनंदन मात्र पलंगापाशी गेला आणि अण्णांचा हात हातात घेऊन बोलू लागला. चुकलो म्हणाला. तुम्ही आतून ओरडत होता आणि मी लाल दिव्याचं ऐकत बसलो म्हणाला. आता काळजी करू नका, नाशिकचं मी साफ डोक्यातून काढतो, वर्षभर हाताची मेहनत मीच करून घेणार, मी इथंच राहतो.

लाल दिवा लागला.

सगळे थांबले. आता थांबायची सवय झाली होती. लाल तसाच. दादा म्हणाला, अण्णा, मी मनापासून सांगतोय, मला काही जड नाही. लालच. लाट पुरी होऊन गेली तरी लाल काही गेला नाही. चंदनाला वाटलं काहीतरी बोलावं, अजून थोडं थांब म्हणावं. पण थांबण्यासारखं आता काही उरलं नव्हतं. हे नको सूपवाल्या नकोसारखंच होतं, पक्कं. दादाच्या पोरांना बाप हवा होता आणि तो इथं अडकून पडलाय, हे त्याच खोलीत कितीदा फोनवर बोललं गेलं होतं, आणि कान तर अण्णांचे शाबूत होते.

अभिनंदनचा चेहरा आधी पडला. मग त्याचे खांदे हळूहळू सैल झाले आणि तो लहान पोरासारखा रडायला लागला. आई म्हणाली, नको म्हणायलेत तर नको, तू जा पोरांकडं. आणि खरं सांगायचं तर त्याला किती दिवसांपासून जायचं होतं, हे त्याचं त्यालाच आत्ता कळत होतं.

पण मग करणार कोण? आईच्यानं आता अण्णांना उचलणं होत नव्हतं. कुणीच चंदनाकडं बघत नव्हतं, उलट सगळे मुद्दाम दुसरीकडं बघत होते, आणि ते तिच्या लक्षात आलं. कॉलेज संपल्यावर तिनं एकदा अण्णांना विचारलं होतं, मी इथंच राहू का, तुमचा धंदा बघते. अण्णा म्हणाले होते, नको गं, कशाला या धुरात. तिनं ते ऐकलं, मनाला लावून घेतलं आणि दुसऱ्याच आठवड्यात पुण्याची गाडी धरली. पुढचं काही ऐकायला ती थांबली नव्हती. तिचं काम फोनवरचं. पुण्यात बसून काय आणि मिरजेत बसून काय, अकोल्याच्या काकांना पडदा ओढा एवढंच तर सांगायचं.

ती उठून पलंगाशी आली. अण्णा छताकडंच बघत होते. तिला एकाएकी धास्ती वाटली. दादाला पक्कं नको आलं, आपल्यालाही आलं तर? पण तिनं मनाशी ठरवलं, लाल लागला तरी हलायचं नाही, लाट पुरी होईस्तोवर उभं राहायचं, आणि मगच काय ते.

"अण्णा," ती म्हणाली, "मी येऊ का राहायला? कायमची?"

ती लाल दिव्याकडं बघत उभी राहिली. दादाही तिकडंच बघत होता, आईही. लाल दिवा लागलाच नाही. आधीचे आढेवेढे नाहीत, नको नाही, काही नाही. सरळ हिरवा लागला, आणि लागलेलाच राहिला.